हलणाऱ्या दाताला हात लावण्याआधी

मुलाचा पहिला दात पडला की आपण तो धुतो, आजी-आजोबांना दाखवतो, फोटो काढतो आणि डबीत जपून ठेवतो. डबीत ठेवण्याआधी तो एकदा उलटा करून पाहावा. खालच्या पटाशीचा हा दात ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याहून किंचित मोठा असतो. वरून दुधासारखा पांढरा आणि गुळगुळीत. खालची कडा मात्र खरबरीत, कुणीतरी कुरतडल्यासारखी. आत एक लहानशी पोकळी आणि तिच्या तळाशी रक्ताचा लालसर ठिपका. मूळ कुठेच दिसत नाही.

म्हणूनच ‘दुधाच्या दातांना मुळं नसतात’ हा समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. या दाताला मूळ होतं आणि ते दिसणाऱ्या भागाच्या जवळजवळ दुप्पट लांब होतं. शरीरानं ते गेल्या काही वर्षांत आतल्या आत विरघळवून टाकलं. दात हलू लागतो, तो हे काम संपत आल्यामुळे. घरच्यांनी काय करावं आणि काय करू नये, हे या नाहीशा झालेल्या मुळाकडे पाहिलं की आपोआप कळतं.

बोळक्या तोंडातले दात

दातांची तयारी आईच्या पोटातच सुरू होते. गर्भ सुमारे सहा आठवड्यांचा असताना जबड्याच्या जागी दातांचे पहिले अंकुर धरायला लागतात आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास त्यांत खनिजं साचू लागतात. बाळ बोळकं हसतं, तेव्हाही त्याच्या हिरडीखाली वीसच्या वीस दुधाचे दात घडत असतात.

दातावरचं इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाच्या हिशेबानं त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. झाडाच्या खोडातली वलयं वाढतात, तसं ते थरावर थर चढत जातं. जन्माच्या वेळी शरीराला जो मोठा बदल सोसावा लागतो, त्याची एक बारीक रेघ या थरांत कायमची उमटते. दंतवैज्ञानिक आयझॅक शाऊर यांनी १९३६ साली या जन्मरेषेचं वर्णन केलं. रेषेच्या आतलं इनॅमल पोटात असताना घडलेलं, बाहेरचं जगात आल्यावर. तळहातावरच्या त्या एवढ्याशा दातात मुलाच्या जन्माचा दिवस कोरलेला असतो.

सहाव्या महिन्याच्या आसपास पहिला दात हिरडी फोडून वर येतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत आठ पटाशीचे दात, चार सुळे आणि आठ दाढा असा वीस दातांचा संच पुरा होतो. तोवर हिरडीखाली कायमच्या दातांची फळीही उभी राहिलेली असते. अक्कलदाढा सोडल्या तरी ते २८. म्हणजे पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या मुठीएवढ्या जबड्यांत, दिसणारे आणि न दिसणारे मिळून, ४८ दात दाटीवाटीनं बसलेले असतात.

मूळ जातं कुठे?

मूळ विरघळवण्याचं काम ओडोन्टोक्लास्ट नावाच्या पेशी करतात. आपल्या हाडांचा जुना, झिजलेला भाग काढून टाकणाऱ्या पेशींच्या त्या सख्ख्या बहिणीच. एकेका पेशीत अनेक केंद्रकं असतात. पेशी मुळाला घट्ट चिकटते, आम्ल सोडून खनिज विरघळवते आणि मागे उरलेली प्रथिनं विकरांनी पचवते. तिच्या जागी मुळावर एक सूक्ष्म खळगा पडतो. असे असंख्य खळगे पडत पडत मूळ टोकाकडून वर झिजत येतं. पडलेल्या दाताची कुरतडलेली कडा ही या कामाची शेवटची निशाणी.

खालून नवा दात ढकलतो म्हणून जुना पडतो, एवढंच आपण ऐकलेलं असतं. खरं तर नव्या दाताभोवतीचं नाजूक आवरण रासायनिक निरोप पाठवतं आणि या पेशींना बोलावून घेतं. काहींच्या बाबतीत एखादा कायमचा दात मुळात घडलेलाच नसतो. तिथे दुधाच्या दाताचं मूळ फार सावकाश झिजतं, आणि तो दात मोठेपणीही तोंडात टिकून राहिलेला आढळतो.

हे झिजणं सलग चालत नाही. पेशी मधूनच थांबतात आणि त्या काळात मुळाची थोडी डागडुजीही होते. ‘परवा चांगला हलत होता, आज पुन्हा घट्ट झालाय’ असं मूल सांगतं, ते अगदी खरं असतं. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

साधारणपणे सहाव्या-सातव्या वर्षी खालचे मधले दोन दात पडतात, मग वरचे मधले, नंतर त्यांच्या शेजारचे. नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान सुळे आणि दाढा जातात. वर्षभर मागेपुढे झालं तर बिघडत नाही. मात्र मार लागलेला नसताना चौथ्या वर्षाच्या आधीच दात पडू लागले, आणि तेही अख्ख्या मुळासकट, तर मुलाला नक्की डॉक्टरांना दाखवावं. हाडं-दातांत खनिज नीट न धरण्याच्या एका दुर्मीळ आजाराची ती पहिली खूण असू शकते.

घरी काय करावं

माझी भाची सात वर्षांची असताना रोज संध्याकाळी माझ्यापुढे तोंड उघडून उभी राहायची. ‘मावशी, आज काढूया?’ मी टॉर्च धरायची, बघायची आणि म्हणायची, ‘उद्या बघू.’ दिवसभर तिची जीभ त्या दाताशी खेळत असायची. तीन आठवड्यांनी वरणभाताच्या घासात काहीतरी टणक लागलं आणि तिनं ते बोटानं बाहेर काढलं. रक्ताचा एकच थेंब आला होता. रडण्याआधीच ती हसली.

दात पडण्याची ही सर्वांत चांगली रीत. जिभेनं हलवणं पूर्ण सुरक्षित आहे, कारण दुखायला लागलं की जीभ आपोआप थांबते. बोटानं हलवायचा तर आधी हात साबणानं धुवायचे. पेरूच्या किंवा सफरचंदाच्या फोडी, भाकरी असं चावून खायचं अन्न द्यावं. तो दात दुखत असेल तर दुसऱ्या बाजूनं खाऊ द्यावं. मूल हलणाऱ्या दाताच्या बाजूला ब्रश करणं टाळतं, पण अन्नकण अडकून हिरडी सुजते. म्हणून मऊ ब्रश तिथेही हलकेच फिरवायचा.

दात चहूबाजूंनी सहज झुकतो, नुसत्या हिरडीच्या धाग्यावर लोंबतो आणि मूल स्वतःच ‘काढ’ म्हणतं, तेव्हाच मदत करावी. मेडिकलच्या दुकानात मिळणारी निर्जंतुक गॉज किंवा धुतलेला सुती रुमाल घेऊन दात चिमटीत धरायचा आणि अलगद पीळ द्यायचा. तयार झालेला दात लगेच हातात येतो. अडतोय असं वाटलं, मूल कळवळलं, तर तिथेच थांबायचं. मूळ अजून शिल्लक आहे, आणखी काही दिवस द्यायला हवेत, एवढाच त्याचा अर्थ.

दोरा बांधून दार आपटण्याचा प्रकार यासाठीच वाईट. उरलेलं मूळ मोडतं, हिरडी फाटते, आणि मुलाच्या मनात दाताबद्दल बसलेली भीती पुढे दवाखान्यापर्यंत सोबत येते. दाताला रबरबँड लावणं तर फारच धोक्याचं. ते घसरत हिरडीखाली शिरतं आणि दाताभोवतीच्या हाडाचं नुकसान करतं.

दात पडल्यावर मुलाला ताठ बसवावं आणि गॉजची घडी त्या जागी ठेवून दहा-पंधरा मिनिटं घट्ट चावायला सांगावं. मधूनमधून उघडून पाहायचा मोह टाळावा. थुंकीत मिसळल्यामुळे थोडं रक्तही फार दिसतं. त्या दिवशी जोरात चुळा भरू नयेत, नाहीतर जागेवर धरलेली गुठळी निघून जाते. तिथे तंबाखू, मशेरी किंवा लवंगेचं तेल लावू नये, कोवळी हिरडी भाजते. लहान मुलांना ॲस्पिरिन तर कधीच देऊ नये. अर्धा तास दाबून धरूनही रक्त थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जावं. रक्त न गोठण्याचा एखादा आजार कधी कधी अशा प्रसंगीच पहिल्यांदा लक्षात येतो.

दात गिळला गेला तर बहुधा काही होत नाही, शौचावाटे तो निघून जातो. पण त्याच वेळी ठसका लागला, खोकला थांबेना, श्वास घरघरू लागला, तर दात श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. तेव्हा घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावं.

दोन रांगा आणि गुपचूप आलेली दाढ

काही मुलांच्या खालच्या जबड्यात जुना दात पडण्याआधीच त्याच्या मागे नवा उगवतो. दातांच्या दोन रांगा पाहून घर हादरतं. खालचे कायमचे पटाशीचे दात जिभेच्या बाजूलाच घडतात, म्हणून हे वरचेवर होतं. जुना दात हलत असेल तर तो पडल्यावर जीभ नव्याला हळूहळू पुढे ढकलते. जुना अजिबात हलत नसेल, किंवा हलत असूनही दोन-तीन महिन्यांत पडला नाही, तर दंतवैद्यांना दाखवावं.

याच वयात आणखी एक दात येतो, ज्याची कुणी दखल घेत नाही. सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही. त्यामुळे तीही दुधाचीच समजली जाते आणि किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून दिली जाते. ती पुन्हा येत नाही. दुधाच्या दाढांच्या किडीवरही उपचार हवेत. त्या वेळेआधी काढाव्या लागल्या तर मागची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताची जागा अडवते.

मार लागून निखळलेला दात

खेळताना आपटून दात निखळला तर गोष्ट पूर्ण वेगळी. हा दात मुळासकट बाहेर येतो. तो दुधाचा असेल तर परत बसवू नये, कारण खाली घडत असलेल्या कायमच्या दाताला त्यानं इजा होऊ शकते. कायमचा असेल तर एकेक मिनिट मोलाचं. मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरायचा, माती लागली असेल तर क्षणभर धुवायचा, घासायचा मुळीच नाही. जमल्यास तो जागेवर बसवावा, नाहीतर थंड दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्य गाठावा.

पडलेल्या दाताचं काय होतं

आपल्याकडे पडलेला दात उंदराच्या बिळात टाकायची रीत आहे. त्याच्यासारखा मजबूत दात मिळावा, ही त्यामागची मागणी. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणजे मागणारा योग्य दारी गेला म्हणायचा. स्पेनमध्येही हा दात उंदीरच नेतो. लुईस कोलोमा या लेखकानं आठ वर्षांच्या राजासाठी, तेराव्या अल्फोन्सोसाठी, पेरेझ उंदराची गोष्ट रचली. जपानमध्ये खालचा दात छपरावर आणि वरचा घराखाली टाकतात, नवा दात त्या दिशेनं सरळ वाढावा म्हणून.

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या मुलांनी आपले दात विज्ञानाला दिले. अणुचाचण्यांच्या धुळीतलं स्ट्रॉन्शियम-९० शरीरात कॅल्शियमच्या वाटेनं शिरतं आणि दातांत साठतं. ते मोजण्यासाठी १९५८ मध्ये डॉ. लुईझ राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधाचे दात मागितले. १९७० पर्यंत सुमारे ३,२०,००० दात जमले. दात देणाऱ्या प्रत्येक मुलाला एक बिल्ला मिळे. चाचण्यांच्या काळात जन्मलेल्या मुलांच्या दातांत हे विष वाढत गेल्याचं दिसलं, आणि १९६३ च्या अंशतः अणुचाचणीबंदी करारामागे जे जनमत उभं राहिलं त्याला या इवल्याशा दातांनीही बळ दिलं. पुढे २००३ मध्ये सोंगताओ शी यांच्या गटानं दाखवलं, की पडलेल्या दाताच्या गाभ्यात, त्या लालसर ठिपक्यात, मूलपेशी जिवंत असतात. ही कल्पना शी यांना सुचली ती आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा पडलेला दात पाहून.

संस्कृतात दाताला द्विज, म्हणजे दोनदा जन्मणारा, असं नाव आहे. बालरोगांवरच्या काश्यप संहितेत तर दातांच्या जन्मावर स्वतंत्र अध्याय आहे आणि एकदाच उगवणारे दात कोणते, द्विज कोणते, याची गणतीही आहे. हा दुसरा जन्म घरातच पाहता येतो. दात पडल्यावर काही दिवसांनी टॉर्च धरून त्या खिंडीत पाहावं. करवतीसारखी दातेरी कडा हिरडीतून डोकावताना दिसेल. जाणारा दात मूळ संपवून जातो आणि येणारा अर्धवट मुळावर येतो. त्याचं मूळ पुरं व्हायला आणखी सुमारे तीन वर्षं लागतात. तोवर त्याला घाई न करणारं माणूस आणि सकाळ-रात्रीचा ब्रश, एवढंच हवं असतं.