वीजजोडणीत वाढीव तार का राखावी?

जबलपूरमधील दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीत दिवा आणि पंखा यांच्यासाठी केलेल्या वीजजोडणीवर कालांतराने कूलर, फ्रीज आणि गीझर यांचा भार येतो. बटणे बदलतात, नवे सॉकेट बसतात. अशा प्रत्येक वेळी वायरमनपुढे एक प्रश्न उभा राहतो : पेटीत तार पुरेशी शिल्लक आहे काय?

बटण किंवा सॉकेट बदलताना तारेचे जुने, काळवंडलेले टोक कापून नवे टोक सोलावे लागते. त्यामुळे प्रत्येक दुरुस्तीत तार थोडी आखूड होते. जुन्या घरांतील ॲल्युमिनियमची तार वारंवार वाकवल्यास स्क्रूपाशी तुटते, आणि तिचे टोक पुन्हा कापावे लागते.

तार अपुरी पडली की दोन चुका संभवतात. एक, ती ताणून स्क्रूखाली कशीबशी अडकवली जाते. दुसरी, तिला नवा तुकडा पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून जोड भिंतीत दडवला जातो. दोन्ही ठिकाणी संपर्क सैल होण्याचा धोका असतो.

सैल संपर्कात विरोध वाढतो आणि उष्णता निर्माण होते. २,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. जोडातील विरोध केवळ अर्धा ओहम असला, तरी तेथे सुमारे ४० वॉट उष्णता साठू लागते. लहान सोल्डरिंग आयर्नमध्ये एवढीच उष्णता कथील वितळवते. मात्र प्रवाह मर्यादेत असल्याने एमसीबी बंद पडत नाही. वीज जमिनीकडे गळत नसल्याने गळतीरोधक स्विचही तो दोष ओळखत नाही. सुरक्षा साधने जागच्या जागी असूनही आग लागू शकते, ती अशी.

अमेरिकेच्या वीजसंहितेनुसार प्रत्येक पेटीत किमान ६ इंच, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर, मोकळी तार राखणे आवश्यक आहे. भारतातील घरांसाठीही हे माप उपयुक्त आहे. मुख्य वितरणपेटीत तारांची फेरमांडणी करता यावी यासाठी याहून अधिक लांबी ठेवावी.

अतिरेकही घातक ठरतो. लहान पेटीत तारेची वेटोळी कोंबल्यास उष्णता बाहेर पडत नाही आणि झाकण लावताना आवरण चेपले जाते. वाढीव तार सैल वळणात बसावी आणि पेटी पुरेशी खोल असावी.

जबलपूरला २२ मे १९९७ रोजी पहाटे ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला होता. भिंत तडकून सरकते, तेव्हा ताणून बसवलेली तार जोडापाशी निखळू शकते. सैल वळण असल्यास थोडी हालचाल सामावली जाते.

या दक्षतेचा खर्च फार नाही. दहा पेट्यांत प्रत्येकी सहा तारा धरल्या, तर १५ सेंटिमीटरच्या हिशेबाने एकूण ९ मीटर तार लागते. बाजारातील ९० मीटरच्या भेंडोळ्याचा हा केवळ दहावा भाग आहे.

बटणे बसवण्यापूर्वीच घरमालकाने प्रत्येक पेटी पाहून घ्यावी. जुन्या घरात सॉकेट गरम लागत असेल, जळका वास येत असेल किंवा बटण दाबताना चरचर ऐकू येत असेल, तर मुख्य स्विच बंद करून परवानाधारक वीज ठेकेदाराकडून तपासणी करून घेणे हिताचे ठरेल.