मोटारीतील इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन : लाभ आणि त्यांचे मोल

पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरात दाबलेले इंधन-वायुमिश्रण पेटविण्यासाठी कित्येक सहस्र व्होल्टांची ठिणगी नेमक्या क्षणी पडावी लागते. चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेल्या आणि १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत वापरल्या गेलेल्या पद्धतीत बॅटरी, कॉइल व कॉन्टॅक्ट पॉइंट यांच्या साहाय्याने ती मिळते. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातील प्रवाह वाढत जातो. ते उघडताच चुंबकीय क्षेत्र लोप पावते व द्वितीयक वेटोळ्यात उच्च दाब उत्पन्न होतो.

या पद्धतीची मर्यादा साध्या गणिताने स्पष्ट होते. चार सिलिंडरांचे चार-आघाती एंजिन मिनिटास ६००० फेरे करीत असता सेकंदास २०० ठिणग्या लागतात; प्रत्येकीच्या वाट्यास ५ मिलिसेकंद येतात आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश काळच पॉइंट मिटलेले राहतात. बॅटरीचा दाब १२ व्होल्ट, मंडलाचा रोध ३ ओहम व प्रवर्तकता ८ मिलिहेन्री मानल्यास प्रवाह ४ अँपिअर या अंतिम मूल्याच्या सुमारे ७० टक्केच होतो. साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती निम्म्यावर येते. उणीव भरून काढण्यासाठी प्रवाह वाढवावा, तर पॉइंट लवकर जळतात.

ट्रान्झिस्टरने ही कोंडी फोडली. क्राइस्लर कंपनीने अमेरिकेतील आपल्या सर्व मोटारींना १९७३ च्या मॉडेलपासून इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन दिले. घासणारा भाग गेल्यामुळे ठिणगीचा क्षण झिजेने ढळेनासा झाला व अधिक प्रवाह वापरणे शक्य झाले.

दुसऱ्या एका पद्धतीत कंडेन्सर सुमारे ४०० व्होल्टांपर्यंत भारित करून कॉइलमधून एकदम मोकळा करतात. येथे दाब अतिशय त्वरेने चढत असल्यामुळे काजळी धरलेल्या प्लगवरही ठिणगी पडते. परंतु ती अल्पजीवी असते. प्रवर्तनी पद्धतीची ठिणगी एखादा मिलिसेकंद टिकते, तर ही त्याच्या लहानशा अंशातच विझते. विरळ मिश्रणात, किंवा प्लगपाशी क्षणभर पुरेसे इंधन नसताना, दीर्घ ठिणगीच अधिक भरवशाची ठरते. म्हणूनच प्रदूषण-नियंत्रणासाठी विरळ मिश्रणाचा आश्रय घेणाऱ्या मोटारींत प्रवर्तनी पद्धतच प्रामुख्याने रूढ झाली.

आधुनिक रचनेत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. प्रवाह वाढण्यास तिला पुष्कळ अवधी मिळतो. डिस्ट्रिब्यूटर व उच्च दाबाच्या लांब तारा यांची आवश्यकता उरत नाही. मात्र तिला एंजिनाच्या उष्णतेतच राहावे लागते. ती निकामी झाल्यास न जळलेले इंधन निष्कासमार्गातील उत्प्रेरक परिवर्तकापर्यंत पोहोचून तेथे जळते व त्यास हानी पोहोचविते.

जुने पॉइंट हळूहळू बिघडत, आणि कानस व फीलर गेज यांनी रस्त्याच्या कडेलाही ठीक करता येत. इलेक्ट्रॉनिक घटक क्वचित बिघडतो. पण बिघडला तर बहुधा बदलावाच लागतो. तात्पर्य, दैनंदिन देखभालीचा भार हलका झाला. त्याचे मोल दुरुस्तीच्या स्वातंत्र्याच्या रूपाने द्यावे लागले.