अडीच सेकंदांचा ठेका

भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी कोणी पातेलेभर भात चाखून पाहत नाही. एक शीत बोटांनी दाबले की काम भागते. आवाजाचेही असे करता येईल का? सलग वाहणाऱ्या आवाजातील मोजकी शिते वेचून ठेवली, तर त्यांवरून तो आवाज पुन्हा उभा राहील का? राहतो! या युक्तीच्या आधाराने संगीताचा एक अख्खा प्रकार वाढला.

१९८८ साली अमेरिकेत ‘पब्लिक एनिमी’ या गटाची एक ध्वनिमुद्रिका निघाली. तिचे नाव लांबलचक आहे : ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक’. ती हिप-हॉप या प्रकारातील. यात गायक सुरात गाण्याऐवजी ठेक्यावर यमकबद्ध बोल झपाट्याने म्हणतो. या तबकडीवरील बोल नवे होते. पण त्यांच्यामागचे संगीत बरेचसे जुन्या तबकड्यांतून कापून घेतलेल्या तुकड्यांचे होते. ‘रिबेल विदाउट अ पॉज’ या गाण्यात सतत ऐकू येणारी किंकाळी म्हणजे ‘द जेबीज्’ या वाद्यवृंदाच्या १९७० सालच्या ‘द ग्रंट’मधील सॅक्सोफोन! दुसऱ्या एका गाण्यातील पियानो आयझॅक हेज यांच्या १९६९ सालच्या ध्वनिमुद्रणातला. आणि ‘रिबेल’चा ठेका घेतला तो जेम्स ब्राऊन यांच्या ‘फंकी ड्रमर’मधून.

हे तुकडे कसे कापतात? कात्रीने नव्हे, आकड्यांनी. आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन किंवा तबकडीवरची सुई त्यांचे विजेच्या दाबात रूपांतर करते. हा विजेचा दाब ठराविक अंतराने मोजायचा आणि प्रत्येक मोजणीचा आकडा यंत्राच्या स्मृतीत साठवायचा. प्रत्येक मोजणी म्हणजे एक नमुना, आपले एक शीत.

पण शिते किती दाट घ्यायची? येथे एक प्रयोग करा. आलेखकागदावर ४ सेंटिमीटर लांबीची एक, अशा सहा सारख्या लाटा २४ सेंटिमीटरमध्ये काढा. पहिली लाट मधल्या रेषेवर सुरू होऊन वर चढू द्या. आता आरंभापासून दर ३ सेंटिमीटरवर लाटेवर ठिपका द्या आणि फक्त ठिपके पाहा. ते अनुक्रमे मध्ये, खाली, मध्ये, वर असे येतील. ते जोडले तर लाटा सहा नव्हे, दोनच दिसतील! विरळ नमुन्यांनी आपल्याला चक्क फसवले. असे होऊ नये म्हणून आवाजातील सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा दर सेकंदाला मोजणी करावी लागते. हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन या शास्त्रज्ञांची नावे या नियमाशी जोडलेली आहेत. आपल्याला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते. म्हणूनच सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात.

त्या पिढीच्या संगीतकारांचे आवडते यंत्र, १९८७ साली आलेले ‘एसपी-१२००’, मात्र सेकंदाला सुमारे २६,००० नमुनेच घेई. म्हणजे १३,००० हर्ट्झच्या वरचा आवाज त्यात येणेच शक्य नव्हते. त्याची एकूण स्मृती १० सेकंदांची, आणि एका तुकड्याला मर्यादा अडीच सेकंदांची!

आता हिशेब करा. ‘फंकी ड्रमर’चा वेग मिनिटाला साधारण १०० ठोके. म्हणजे एक ठोका ०·६ सेकंदाचा आणि चार ठोक्यांचे एक आवर्तन २·४ सेकंदांचे. अडीच सेकंदांत एक आवर्तन जेमतेम मावते! मग तेच पुन्हा पुन्हा वाजवले की गाण्याला अखंड ठेका मिळाला.

याहून लांब तुकडा हवा असल्यास? संगीतकारांनी त्यावरही तोड काढली. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ते ४५ फेऱ्यांवर वाजवत. वेग १·३५ पट झाला की ३·३७५ सेकंदांचे संगीत अडीच सेकंदांत संपते. नंतर यंत्रातून ते तितकेच सावकाश वाजवायचे, की मूळ वेग आणि मूळ स्वर परत! पण निसर्ग फुकट काही देत नाही. सावकाश वाजवताना नमुनेही १·३५ पट विरळ होतात आणि वरची मर्यादा सुमारे ९,६०० हर्ट्झवर उतरते. आवाज थोडा भरड होतो. गंमत म्हणजे हा भरडपणाच अनेकांना आवडू लागला.

आता ज्याच्या हातांनी तो ठेका वाजवला त्याच्याविषयी. क्लाइड स्टबलफील्ड हा जेम्स ब्राऊन यांचा पगारी वादक. टेनेसी राज्यातील चॅटनूगा गावात लहानपणी कारखान्यांची आणि आगगाड्यांची लय ऐकत तो ठेका शिकला. नोव्हेंबर १९६९ मध्ये त्याने वाजवलेली ती काही सेकंदे पुढे शेकडो गाण्यांत वापरली गेली. १९९१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने एका खटल्यात परवानगीविना तुकडा वापरण्यास मनाई केली, आणि तुकड्यांसाठी आधी परवानगी घेऊन पैसे देण्याची पद्धत रूढ झाली. पण ‘फंकी ड्रमर’चे रचनाकार म्हणून नोंद होती जेम्स ब्राऊन यांची. स्टबलफील्डच्या हाती त्यातून फारसे काही पडले नाही. २०१७ साली तो वारला.

यंत्र ठोक्याचा जोर, स्वर, लय सारे आकड्यांत टिपते. वाजवणाराचे नाव मात्र त्या आकड्यांत नसते. ते माणसांनीच लिहून ठेवावे लागते. पुढे कधी एखादा ठेका तुम्हांला आवडला, तर तो कोणी वाजवला याचा जरूर शोध घ्या.