अवटु ग्रंथीची गोळी आणि रक्ततपासणीचा आकडा

बडोद्याजवळ नंदेसरी येथे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. बडोदे व त्याच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. नंदेसरीत पाळीने काम करणाऱ्या कामगाराच्या अशाच एखाद्या घराची कल्पना करावी. घरातील गृहिणी अवटु ग्रंथीच्या, म्हणजे लोक ज्याला नुसते ‘थायरॉइड’ म्हणतात त्या विकारासाठी, रोज ७५ मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिनची गोळी घेते. उन्हाळ्यात ती नंदुरबारकडे माहेरी जाते. तेथे केलेल्या रक्ततपासणीत सर्व आकडे योग्य मर्यादेत येतात. ‘आता थायरॉइड गेला,’ असे घरातील वडीलधारी मंडळी आनंदाने म्हणतात आणि गोळी बंद होते. पावसाळा संपेपर्यंत तिला थकवा, बद्धकोष्ठ व अंगावर सूज जाणवू लागते. पुन्हा रक्त तपासले असता टीएसएचचा आकडा ३८ निघतो. यात प्रयोगशाळेची चूक काहीच नव्हती. अहवालाचा अर्थ मात्र चुकीचा लावला गेला.

गळ्याच्या पुढील भागात असणारी अवटु ग्रंथी टी-४ व टी-३ ही संप्रेरके तयार करते. शरीरातील उष्णता, हृदयाची गती, आतड्यांची हालचाल व मेंदूची तरतरी यांवर त्यांचे नियंत्रण असते. या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीची देखरेख असते व तिचे आज्ञापत्र म्हणजे टीएसएच हे संप्रेरक होय. शेतावर मजूर मंदावला की मुकादमाचा आवाज चढतो, तसाच हा प्रकार आहे. अवटु ग्रंथी थकली की टीएसएच वाढते. गोळीवाटे टी-४ मिळू लागले की मुकादम शांत होतो. परंतु तो शांत झाला म्हणजे मजूर बरा झाला असे नव्हे. त्याचे काम बाहेरून कोणी तरी करीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. गोळी घेत असताना आलेला योग्य आकडा हा मात्रा बरोबर असल्याचा दाखला होय.

प्रौढांमध्ये टीएसएच साधारणतः ०.४ ते ४ मिलि-आंतरराष्ट्रीय एकके प्रति लिटर एवढे असते. वृद्धांत ते थोडे अधिक असले तरी बहुधा चालते. काही प्रयोगशाळा हे माप ‘मायक्रो-एकके प्रति मिलिलिटर’ असे छापतात. त्याने घाबरून जाऊ नये, कारण दोन्हींत आकडा तोच राहतो. मुक्त टी-४ च्या बाबतीत मात्र तसे नाही. एका ठिकाणी १.२ आणि दुसऱ्या ठिकाणी १५.४ असे आकडे आले, तर ते एकच प्रमाण दोन निरनिराळ्या एककांत मांडलेले असू शकते. दोन गावांचे अहवाल शेजारी ठेवून वाचणाऱ्यांनी प्रथम एकक पाहावे. तसेच ३.१ चे ३.८ झाले म्हणून आजार वाढला असे मानण्याचे कारण नाही. टीएसएच रात्री व पहाटे अधिक, तर दुपारी कमी असते. एवढा चढउतार निरोगी माणसातही रोज होतो. मर्यादेच्या किंचित बाहेरील आकड्यापुढे ठळक खूण छापण्याच्या पद्धतीने मात्र पुष्कळ घरांची झोप विनाकारण उडविली आहे.

सर्वांत अधिक गोंधळ होतो तो कालावधीबाबत. गोळीतील थायरॉक्सिनचे शरीरातील प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे मात्रा वाढविली वा घटविली तरी रक्तातील पातळी स्थिर होण्यास पाच ते सहा आठवडे जातात, आणि पोष ग्रंथी तर त्याहूनही सावकाश प्रतिसाद देते. मात्रा बदलल्यावर दहाव्या दिवशी केलेली तपासणी म्हणजे केवळ पैशाचा अपव्यय. सहा ते आठ आठवड्यांनी केलेली तपासणीच बोलकी असते. त्यानंतर सर्व स्थिर असल्यास सहा महिन्यांनी किंवा वर्षाने ती पुरते.

टी-४ कमी व टीएसएच अधिक असेल तर मात्रा अपुरी आहे किंवा गोळी अंगी लागत नाही, हे सरळ आहे. परंतु टी-४ योग्य, क्वचित थोडे जास्तच, आणि टीएसएच मात्र चढलेले, असा अहवाल आला तर रुग्णाने स्वतःशी प्रामाणिक राहावे. अनेकदा महिनाभर गोळी चुकत असते आणि तपासणीची तारीख जवळ आली की आठवडाभर ती नेमाने घेतली जाते. टी-४ लगेच भरते, टीएसएच मात्र मागील महिन्याची हकिकत सांगत राहते. ही गोष्ट डॉक्टरांपासून लपविली तर ते मात्रा वाढवितात; पुढे रुग्ण नियमित झाला की तीच वाढीव मात्रा छातीत धडधड व हाताला कंप आणते. टीएसएच ०.१ च्याही खाली दीर्घकाळ राहिले तर वृद्धांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा व पाळी गेलेल्या स्त्रियांत हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो. अवटु ग्रंथीच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांत मात्र ते मुद्दाम खाली ठेवतात. त्यांनी शेजाऱ्याच्या अहवालाशी आपला अहवाल ताडून पाहू नये.

गोळी अंगी न लागण्याची कारणे बहुधा स्वयंपाकघरातच सापडतात. ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी व चहा किंवा न्याहारी अर्ध्या ते एक तासाने करावी. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये आणि तिच्यामध्ये चार तासांचे अंतर हवे. रात्रपाळीच्या कामगाराने सकाळचाच हट्ट धरण्याचे कारण नाही. जेवणानंतर तीन तासांनी, झोपण्यापूर्वी घेतली तरी चालते. पोट रिकामे असणे आणि रोजचा नेम एकच असणे महत्त्वाचे. तपासणीच्या दिवशी रक्त आधी द्यावे व गोळी नंतर घ्यावी, कारण गोळीनंतर काही तास टी-४ चढलेले दिसते. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी ते निदान दोन दिवस आधी थांबवावे. काही यंत्रांत त्यामुळे टीएसएच खोटेच कमी दिसते.

रक्तातील संप्रेरकाचे एवढे सूक्ष्म प्रमाण मोजणे पूर्वी शक्य नव्हते. किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने ते मोजण्याची पद्धती विकसित केल्याबद्दल रोझलिन यॅलो यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अणुऊर्जा विभागाने मुंबईत १९६३ साली स्थापन केलेल्या परळच्या विकिरण वैद्यक केंद्रात अवटु ग्रंथीच्या रुग्णांची तपासणी व उपचार हे प्रमुख कार्य राहिले आहे. त्याआधीच्या वैद्यांना रुग्णाची नाडी, त्वचा व आवाज यांवरच भिस्त ठेवावी लागे. आजही या खुणा टाकून केवळ आकड्यावर औषध ठरविणे योग्य नाही.

ज्यांची ग्रंथी अतिरिक्त काम करते व जे कार्बिमॅझोल घेतात, त्यांच्या बाबतीत टीएसएच फसवे ठरते. टी-४ योग्य पातळीवर आल्यानंतरही ते कित्येक आठवडे, कधी महिने, दबलेलेच राहते. अशा वेळी टी-४ व टी-३ पाहूनच मात्रा ठरवितात.

गर्भवतीचा प्रश्न निकडीचा असतो. पहिल्या महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते आणि तिची गरज चौथ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत वाढते. म्हणून पाळी चुकताच डॉक्टरांना गाठावे. गरोदरपणात औषधे नकोत म्हणून ही गोळी थांबविणे घातक होय. मात्रा वाढवून टीएसएच बहुधा २.५ च्या आत ठेवतात व निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी ते तपासतात. आरोग्य केंद्रातून मिळणारी लोहाची गोळी या स्त्रियांनी दुपारी घ्यावी. प्रसूतीनंतर मात्रा बहुधा पूर्वीइतकी केली जाते आणि सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासले जाते.