गोठ्यातलं स्टार्टअप ‘शार्क टँक’मध्ये कसं पोहोचलं?

बीड जिल्ह्यातील सांगवी पाटणचे दादासाहेब भगत इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय होते. पुढे ते अ‍ॅनिमेशन शिकले. काम करताना त्यांच्या लक्षात आलं, तेच इफेक्ट दरवेळी नव्याने बनवण्यात वेळ जातो. मग एकदाच बनवून टेम्प्लेट म्हणून ऑनलाइन विकले तर? कल्पना सापडली ती इथे. अपघाताने अंथरुणाला खिळल्यावरही त्यांनी ती सोडली नाही.

लॉकडाऊनमध्ये गावी नेटवर्क मिळेना, तेव्हा टेकडीवरच्या गोठ्यातच ऑफिस थाटलं. २०२४ मध्ये ‘शार्क टँक इंडिया’त अमन गुप्तांनी ‘डिझाइन टेम्प्लेट’च्या १० टक्के हिस्स्यासाठी १ कोटींचा सौदा केला.

नांदेड-लातूरमध्ये स्टार्टअपची कल्पना शोधताय? रोजच्या कामात पुन्हा पुन्हा वेळ खाणारी गोष्ट आधी टिपून ठेवा.