विश्लेषण : वजन उचलूनही काटा का हलत नाही?

जिमची फी भरली, तीन महिने घाम गाळला आणि काट्यावर जेमतेम एक किलो कमी. स्थूल तरुण जिम सोडतो तो बहुधा याच टप्प्यावर. पण काट्याचे ऐकून जिम सोडावी का?

काटा काय लपवतो?
काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासात (२०१२) स्थूल प्रौढांच्या तीन गटांनी आठ महिने व्यायाम केला. फक्त वजने उचलणाऱ्यांचे वजन घटले नाही, उलट किंचित वाढले. पण वाढले ते स्नायू. चालणे-धावणे करणाऱ्यांची चरबी अधिक उतरली. दोन्ही करणाऱ्यांना दोन्ही फायदे मिळाले, मात्र वेळ जवळपास दुप्पट द्यावा लागला.

आपल्याकडे स्नायूंचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली होती. बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणूनच भारतीयांमध्ये बीएमआय २३ च्या पुढे गेला की जादा वजन मानतात.

सेट की सर्किट?
सेट पद्धतीत एकच व्यायाम आठ-बारा वेळा, मग दोनेक मिनिटे विश्रांती, पुन्हा तोच. ताकद वाढवायला हीच पद्धत सरस, कारण दम खाल्ल्यामुळे जड वजन पेलते. सर्किटमध्ये सहा-आठ व्यायाम जवळजवळ न थांबता होतात. अर्ध्या तासात काम उरकते, हृदयाचे ठोके वाढलेले राहतात, दमसास सुधारतो. पण वजन हलके घ्यावे लागते. त्याने फार बिघडत नाही. स्नायू पुरते थकेपर्यंत उचलले, तर हलक्या वजनानेही ते चांगले वाढतात. नवख्याने आठवड्यातून दोन दिवस सेट आणि एक दिवस सर्किट करावे, हे व्यवहार्य.

तालमीतले जोर-बैठका चालतील?
चालतील, पण हिशेब समजून. जोर मारताना शरीराच्या सुमारे दोन तृतीयांश वजनाचा भार हातांवर येतो. म्हणजे ९५ किलोच्या तरुणासाठी साठ किलोंहून जास्त! पहिल्याच दिवशी एवढे वजन कोणताही शहाणा प्रशिक्षक देणार नाही. म्हणून आधी भिंतीला, मग कट्ट्याला हात टेकून जोर मारावेत. बैठकांऐवजी खुर्चीवर बसून उठावे, गुडघे वाचतात.

मोजायचे काय?
कंबर. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा. शिवाय महिन्यापूर्वी दहादा उचललेले वजन आज किती वेळा उचलले जाते, हे वहीत लिहावे. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे आणि वजन उचलताना श्वास रोखू नये, सोडावा. रोखला की रक्तदाब एकदम चढतो.