एक्सप्लेनर : ब्रूस ली पडद्याबाहेरही खरंच लढू शकत होता का?

व्हॉट्सॲपवर एक व्हिडीओ वर्षानुवर्षं फिरतोय. ब्रूस ली हातातल्या नानचाकूनं टेबल टेनिस खेळतोय आणि समोरच्याला हरवतोय. तुम्हीही तो पाहिला असेल, कदाचित पुढे पाठवलाही असेल. पण तो खरा नाही. नोकियानं २००८ साली चीनमध्ये एका फोनच्या जाहिरातीसाठी तो बनवला होता. त्यात दिसतो तो ब्रूससारखा दिसणारा कलाकार. खरा ब्रूस २० जुलै १९७३ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षीच हाँगकाँगमध्ये वारला होता.

दुसऱ्या बाजूला, २०१९ साली क्वेंटिन टॅरेंटिनोच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन हॉलिवूड’मध्ये ब्रूस बढाईखोर आणि एका स्टंटमनला न आवरणारा दाखवला गेला. त्यावर त्याची मुलगी शॅनन ली हिनं जाहीर नाराजी व्यक्त केली. एकीकडे देव, दुसरीकडे नुसता नट. मग खरं काय?

अधिकृत नोंद काय सांगते?

आपल्याकडे पैलवानाची ओळख तालमीतल्या जोर-बैठकांवरून नाही, फडातल्या कुस्तीवरून ठरते. हाच नियम लावला तर ब्रूसच्या नावावर फारच कमी आहे. १९५८ साली त्यानं हाँगकाँगमधली आंतरशालेय बॉक्सिंग स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी तो चा-चा नृत्याचाही विजेता ठरला. त्याआधी तो इप मान यांच्याकडे ‘विंग चुन’ ही कुंग फूची शैली शिकत होता.

१९५९ साली तो अमेरिकेत गेला. तिथे तो शिकवू लागला, प्रात्यक्षिकं देऊ लागला. पण कराटेच्या स्पर्धांत तो खेळाडू म्हणून उतरला नाही. गुण मिळवण्यासाठी ठोसा अंगाला लागण्याआधीच थांबवायचा, हा प्रकार त्याला लढाई वाटत नव्हता. व्यावसायिक लढत तर त्यानं एकही खेळली नाही.

ओकलंडमध्ये बंद दाराआड काय झालं?

ब्रूसची सर्वांत गाजलेली खरी लढत १९६४ सालच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये झाली. समोर होता वाँग जॅक मॅन, उत्तर चीनच्या कुंग फू शैलीतला तरबेज तरुण. प्रेक्षक मोजकेच, कॅमेरा नाही.

भांडणाचं कारण काय, यावरही एकमत नाही. ब्रूसची पत्नी लिंडा हिच्या म्हणण्यानुसार, ब्रूस चिनी नसलेल्यांना कुंग फू शिकवतो हे काहींना खुपत होतं. लढत साधारण तीन मिनिटं चालली आणि ब्रूस जिंकला. वाँगच्या बाजूनं सांगितलं जातं की ब्रूसनंच जाहीर आव्हान दिलं होतं. लढत वीसेक मिनिटं चालली आणि निकाल लागलाच नाही.

पण त्यानंतर जे झालं, ते जास्त महत्त्वाचं आहे. ब्रूस स्वतःवरच नाराज होता. लढताना आपल्याला धाप लागली, विंग चुनची चौकट अपुरी पडली, हे त्याला जाणवलं. त्यानं धावणं, वजनं उचलणं, दमसास वाढवणं सुरू केलं. बॉक्सिंगचं पदलालित्य आणि तलवारबाजीतलं अंतराचं भान त्यानं आपल्या शैलीत आणलं. यातूनच पुढे ‘जीत कुन दो’ ही त्याची पद्धत उभी राहिली. स्वतःला अजिंक्य समजणारा माणूस एवढी उस्तवार करत नाही.

‘एक इंची ठोसा’ : चमत्कार की विज्ञान?

१९६४ साली लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत ब्रूसनं जेमतेम एका इंचावरून ठोसा मारून समोरच्याला मागे फेकून दाखवलं. यात जादू नाही. जोर मुठीत तयार होत नाही. तो पायांतून कंबर, खांदा, कोपर असा मनगटापर्यंत येतो. प्रत्येक सांध्याची हालचाल नेमक्या क्षणी झाली, तरच तो शेवटी एकवटतो. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी २०१२ साली कराटेच्या ब्लॅक बेल्टधारकांची तुलना नवख्यांशी केली, तेव्हाही तेच दिसलं. जवळून मारलेल्या ठोशाची ताकद नुसत्या स्नायूंवर नाही, तर खांदा आणि मनगट यांच्या जुळलेल्या वेळेवर अवलंबून होती.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. या प्रात्यक्षिकात समोरचा माणूस जागेवर उभा असतो. तो ठोसा चुकवत नाही, उलट मारत नाही. शिवाय माणूस मागे ढकलला जाणं वेगळं आणि त्याला जबर मार लागणं वेगळं. या ठोशातून ब्रूसचं शरीरावरचं नियंत्रण सिद्ध होतं, लढतीतला विजय नाही.

मग खरे चॅम्पियन त्याच्याबरोबर सराव का करत?

ब्रूसच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे. चक नॉरिस, जो लुईस आणि माइक स्टोन हे त्या काळात कराटेच्या स्पर्धा गाजवणारे खेळाडू ब्रूसबरोबर सराव करत. १९७२च्या ‘वे ऑफ द ड्रॅगन’मध्ये रोमच्या कलोसियममध्ये ब्रूससमोर उभा असलेला नॉरिस खराखुरा विजेता होता. लुईसनं पुढे किकबॉक्सिंगमध्ये नाव कमावलं आणि ब्रूसकडून शिकल्याचं मोकळेपणानं सांगितलं. ज्यांचं पोट मारामारीवर होतं, ते केवळ देखण्या नटाकडे वेळ घालवायला गेले नसते.

मोहम्मद अलीसमोर टिकला असता?

सोशल मीडियावरचा हा आवडता वाद. ब्रूसचं वजन साधारण ६४ किलो होतं. १९७१ साली जो फ्रेझरशी लढताना अली सुमारे ९७ किलोंचा होता. फरक ३० किलोंहून जास्त. वजनगट उगाच पाडलेले नसतात. कौशल्य तोडीचं असेल तर जड माणूस भारी पडतो. ब्रूस स्वतः अलीच्या लढतींच्या फिल्म बारकाईनं पाहायचा, म्हणजे कुणाकडून शिकायचं हे त्याला कळत होतं.

थोडक्यात काय?

• ब्रूसला लढता येत होतं. त्याचा वेग, समन्वय आणि समज यांची ग्वाही खऱ्या विजेत्यांनी दिली आहे.

• तो ‘जगातला सर्वांत भारी लढवय्या’ होता, याचा पुरावा नाही. त्यासाठी लागणाऱ्या लढती तो कधी खेळलाच नाही.

• त्याचं मोठेपण प्रश्न विचारण्यात होतं : ही चाल दिसायला छान आहे, पण समोरचा प्रतिकार करत असताना चालते का? ‘एंटर द ड्रॅगन’च्या सुरुवातीच्या लढतीत तो छोटे ग्लोव्हज घालून ठोसे, लाथा आणि पकडी एकत्र वापरतो. ‘यूएफसी’ त्यानंतर वीस वर्षांनी, १९९३ साली सुरू झाली.

ज्यानं आयुष्यभर ‘करून दाखवा’ म्हटलं, त्याच्याबद्दल आपणही पुराव्याइतकंच बोलावं. नानचाकूचा तो व्हिडीओ पुन्हा आला, तर पुढे पाठवण्याआधी एवढं आठवा.